भावाची गिटार

आमच्या बैठकींत भिंतीवरील खुंटीला वीस वर्षें एक गिटार टांगलेली होती. ती आमच्या धाकट्या भावाची. १९८० सालीं पहिल्या पगारांतून त्यानें ती आणली, तेव्हां "हें परकें खूळ घरांत कशाला?" असें आम्ही त्यास बोललों होतों. आमची पेटीहि मूळची परदेशचीच, हें त्या वेळीं आम्हांस सुचलें नाहीं. २००४ सालीं तो गेला. त्यानंतर आम्हीं ती गिटार नित्य पुसली. मात्र तिच्या तारांना कधीं हात लावला नाहीं. त्यांतच त्याच्या स्मृतीचा मान आहे, असें आम्हांस वाटे.

गेल्या वर्षीं नातीनें ती खालीं काढली. दहा मिनिटांत ती रडवेली होऊन म्हणाली, "आजोबा, तारा दाबल्याच जात नाहींत, बोटें कापतात." पाहतों तों बाराव्या पडद्यापाशीं तारा पांच मिलिमीटर वर उचललेल्या! तेथें दोन-अडीच मिलिमीटर पुरे असतात.

पुण्यांतील एका कारागिराकडे आम्ही ती घेऊन गेलों. त्यानें पडद्यांवर एक सरळ पट्टी ठेविली. तिचें टोंक घोडीच्या माथ्यास लागावयास हवें. तें बरेंच खालीं अडलें. "मास्तर, मान पुढें कलली आहे," तो म्हणाला. सहा पोलादी तारांची ओढ मिळून सुमारें ७० किलोंची असते. ती अहोरात्र सोसतां सोसतां लाकूड वर्षानुवर्षें तिळतिळ दबत जातें. मानेंतील सळईनें मानेचा बांक काढतां येतो, पेटीशीं असलेला तिचा कोन नव्हे. "इतकीं वर्षें तारा ताणूनच ठेविल्या होत्या?" त्यानें विचारलें. आम्ही निरुत्तर झालों.

उपाय एकच : मान सोडवून पुन्हां बसविणें. मुलांकडून संधि सोडवून घेण्यांत आमचें आयुष्य गेलें. पण हा संधि लाकडाचा होता. चीर गेली तर भावाची वस्तु आमच्याच संमतीनें मोडणार! दोन दिवस आमचा निश्चय होईना. शेवटीं नात म्हणाली, "पण आजोबा, आतां तरी ती कुठें वाजते?"

कारागिरानें पंधरावा पडदा काढून तेथें बारीक भोंक पाडलें व त्यांतून वाफ आंत सोडली. पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा तो सांधा. वाफेनें त्यांतील सरस मऊ झाला आणि करकरत मान सुटली. बुडाचें लाकूड केसभर तासून त्यानें ती मागें कलविली, सांध्यांत पातळ चिपा घालून तो घट्ट केला व नव्या सरसानें जोडला. आम्ही समोर श्वास रोधून बसलों होतों.

तीन आठवड्यांनीं गिटार घरीं आली. नातीनें वाजविलेलें गाणें आम्हांस ठाऊक नव्हतें. आवाज मात्र ओळखीचा होता. पूर्वीं तो बंद दाराआडून येई, आणि तें दार आम्हींच लावून घ्यावयास सांगितलेलें असे.

वाचकांच्या घरीं असें एखादें तंतुवाद्य असेल, तर तें नुसतें पुसून टांगूं नये. वाजविणारें कोणी नसेल तर तारा सैल कराव्या. कोणी वाजवूं लागलें तर जवळ बसून ऐकावें. भाऊ असतांना हें आमच्याकडून झालें नाहीं, म्हणून एवढें लिहिलें.