समुद्रफुलाची शुश्रूषा

आमच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचा एक काचेचा टँक आहे. मुलाने हौसेने मांडला आणि नोकरीनिमित्त तो परगावी गेल्यावर माझ्या ८२ वर्षांच्या वडिलांनी, अण्णांनी, त्याचा भार आपणहून उचलला. त्यात एक समुद्रफूल राहते. नाव फुलाचे असले तरी हा प्राणी आहे. पायाने खडकाला चिकटून राहतो आणि तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या संस्पर्शकांनी भक्ष्य पकडतो.

हे आमचे दुसरे समुद्रफूल. पहिले माझ्या उतावळेपणाने गेले. एका संध्याकाळी ते आक्रसून सुरकुतलेल्या मुठीसारखे दिसू लागले आणि माझ्यातला डॉक्टर जागा झाला. मी ते खडकावरून सोडवून दिव्याखाली ठेवले. त्यात त्याचा पाय फाटला. तोंडाशी कोळंबी लोटली. निम्मे पाणी एकदम बदलले. चौथ्या दिवशी ते मेले आणि पाणी नासून दोन मासेही दगावले. अण्णा एवढेच म्हणाले, “अरे, ते आजारी नव्हते. जरा मिटले होते.”

त्यांचे खरे होते. शरीरातले जुने पाणी व मळ बाहेर टाकताना समुद्रफूल असे अधूनमधून मिटते आणि पुन्हा उमलते.

दुसरे आणण्यापूर्वी अण्णांनी टँक वर्षभर स्थिरावू दिला. रोज सकाळी ते वहीत नोंद करतात: तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस, पाण्याची विशिष्ट घनता १.०२५. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची तूट ते आरओच्या गोड्या पाण्यानेच भरून काढतात. दर पंधरवड्याला एक दशांश पाणी बदलतात. दिवा नऊ तास, ठरल्या वेळी. कारण समुद्रफुलाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि ते प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पुरवते. वरून आठवड्यात एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा. तो त्याने टाकून दिला, तर आग्रह नाही. जागा ते स्वतः निवडते. फिरताना ओढले जाऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज लावला आहे. तोंड सताड उघडे राहिले, रंग पांढरा पडू लागला किंवा दुर्गंधी आली, तरच धावाधाव.

आई गेल्यावर अण्णांशीही मी असाच वागलो होतो. त्यांची खाट हलवली, जेवणाची वेळ बदलली, नको म्हणत असता पानात वाढत राहिलो. आता ‘बाबा आज जेवले नाहीत’ असे कोणी सांगितले की मी विचारतो: एका वेळेपुरते, की आठवडाभर? वजन उतरते आहे का? एखाद्या वेळेची अरुची पाहत राहावी. मात्र अचानक आलेले गुंगणे, असंबद्ध बोलणे, घास गिळताना ठसका लागणे किंवा पाणीही नाकारणे, यांत वाट पाहू नये. हा फरक ओळखता यावा, म्हणून घरातही एक वही असावी.

अशा टँकची देखभाल घरातले ज्येष्ठ करत असतील, तर एक सूचना. हाताला चीर वा जखम असताना पाण्यात हात घालू नये. हातमोजे वापरावेत आणि नंतर साबणाने हात धुवावेत. मधुमेहींनी हे कटाक्षाने पाळावे. नळीने पाणी काढताना ते तोंडाने ओढू नये. बोटावरची गाठ वा व्रण काही आठवडे बरा होत नसेल, तर घरात टँक आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. टँकच्या पाण्यातील एका जिवाणूमुळे असा चिवट संसर्ग होतो आणि त्याचे औषध वेगळे असते.

स्कॉटलंडमध्ये जॉन डॅलिएल या निसर्गअभ्यासकाने १८२८ साली समुद्रकाठाहून आणलेले एक समुद्रफूल काचेच्या बरणीत १८८७ पर्यंत जगले. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. डॅलिएल १८५१ मध्ये वारले. पुढे आजी एका सांभाळणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली.

हे मी अण्णांना सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. हल्ली त्यांच्या थरथरत्या अक्षराखाली कधी कधी माझे अक्षर असते.