जुन्या नावाचं कार्ड

जालन्याच्या आम्ही दोघी बहिणी. निकाहापूर्वी अब्बांच्या नावानं लिहिलं, नंतर नवऱ्यांच्या. निकाह झाला म्हणून नाव बदलावं असा शरीअतचा दंडक नाही. महाराष्ट्राची रीत म्हणून बदललं. आता संगणकावर शोधलं की आम्हा दोघींच्या चार लेखिका होतात. त्यात 'शेख' इंग्रजीत एकदा 'ए-आय'नं, एकदा 'ई-आय'नं! पूर्वी ग्रंथपाल 'पाहा' असं लिहिलेलं कार्ड घालून एका नावावरून दुसऱ्याकडे धाडायचे. २०१२ पासून ऑर्किडचा १६ अंकी क्रमांक मिळतो. नाव बदललं तरी तो बदलत नाही. आम्ही तो घेतला, जुनी नावंही त्यात नोंदवली. छापील कथांवर मात्र अब्बांचंच नाव राहू दिलं. ते गेले, त्यांनी आमच्या कथा त्याच नावानं वाचल्या होत्या.