औषधाआधी चूड उघडून पाहा

भाताचे पान जरा पिवळे दिसले की आमच्याकडे पहिला प्रश्न येतो, "साहेब, कोणते औषध मारू?" बी.एस्सी. (कृषी) होऊन खात्यात आलो, त्याला तीस वर्षे होत आली. या प्रश्नावर मी उलट विचारतो, "खाचरात उतरून चूड उघडून पाहिलात का?" पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते. म्हणून त्यामागचे कारण सांगतो.

फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ साली 'आय.आर. ८' हा बुटका, खताला मानवणारा वाण दिला. अशा वाणांनी उत्पन्न वाढले, सोबत खत वाढले, फवारणीही वाढली. मग एके काळची किरकोळ कीड, तपकिरी तुडतुडा, भाताचा मोठा वैरी झाला. १९७३-७४ मध्ये केरळात त्याने मोठे नुकसान केले. त्याला दाद न देणारा 'आय.आर. २६' १९७३ साली आला, पण थोड्याच वर्षांत तुडतुडा त्यालाही पुरून उरला.

संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळले की औषधाने तुडतुड्याआधी त्याला खाणारे कोळी आणि मिरीड ढेकूण मरतात. तुडतुड्याची अंडी मात्र भाताच्या देठात सुखरूप राहतात. ती उबली की पिल्लांना खाणारे कोणी उरत नाही. म्हणून इंडोनेशियाच्या सरकारने १९८६ साली भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे शेतकऱ्यांना बांधावरच कीड ओळखायला शिकवले. आपल्याकडच्या शेतीशाळेचे मूळ तेच.

हे कागदावर सोपे आहे. आमच्या भागातल्या एका मावशींचे एक एकर भात पोटरीत आले होते. घरात कर्ता पुरुष नाही. शेजाऱ्याने फवारले म्हणून त्यांनीही उधारीवर बाटली आणली. मी थांबा म्हटले, तर त्या म्हणाल्या, "साहेब, पीक गेले तर वर्षाचे तांदूळ तुम्ही देणार का?"

प्रश्न रास्त होता. सल्ला देणाऱ्याचा पगार चुकत नाही, पीक गेले तर चूल शेतकऱ्याची थांबते. मग नुसते "थांबा" म्हणून कसे चालेल? आम्ही दोघे खाचरात उतरलो. वेगवेगळ्या ठिकाणचे वीस चूड बुंध्याशी उघडून मोजले. चुडाला दोन-तीन तुडतुडे, आणि कोळी बरेच. साचलेले पाणी काढून टाकले, युरियाचा उरलेला हप्ता लांबवला. दर तीन दिवसांनी मोजायचे, चुडाला पाच ते दहा तुडतुडे झाले की औषध, असे ठरले.

पुढे सखल कोपऱ्यात तुडतुडे दहावर गेले. तेवढ्याच तुकड्यात, बुंध्यावर पडेल अशी फवारणी केली. बाकीचे शेत कोळ्यांनी सांभाळले. वर्षाचे तांदूळ घरात आले, दुसरी बाटली आणावी लागली नाही. आता शेजारच्या बायका त्यांच्याकडून मोजणी शिकतात.

औषध वाईट आहे असे मी म्हणत नाही. वेळेला तेही लागते. पण खोडकिड्याचेच पाहा. त्याचा पतंग रोपाच्या शेंड्याजवळ अंडी घालतो. लावणीआधी शेंडे खुडून नष्ट केले तर बरीच अंडी तिथेच जातात. कापणी जमिनीलगत करून धसकटे नांगरली की त्यात दडलेल्या अळ्याही मरतात. याला पैसा लागत नाही, थोडे कष्ट लागतात.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी बांधावरून खाली उतरा. वीस चूड मोजायला अर्धा तास पुरतो. घरातल्या मुलांनाही सोबत न्या. कोळी आणि तुडतुडा यांतला फरक ती आपल्याआधी ओळखतील.