बायांची घोडी

मेंढरं घेऊन फिरणाऱ्या आमच्या धनगरी वाड्यात घोडीवर बसायची सोय नव्हती. वाड्याचे कर्ते बप्पाही कधी बसले नाहीत. चंद्री ओझ्याची घोडी, आणि ओझं बांधणं-उतरवणं बायांच्या हातचं. म्हणून मेंढरं पुरुषांची, कुत्री सगळ्यांची, आणि घोडी बायांची. आधी आजीची, मग आईची. धनगराच्या घोड्याचं नाव काढलं की लोकांना पागोटं नि स्वार दिसतो. मला दिसतो तो नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, हातात दोर धरून पुढे चालणारा माझ्या आजीचा पाठमोरा देह, आणि तिच्या खांद्याशी तोंड लावून चालणारी चंद्री.

१९७२ च्या दुष्काळात आमची निम्मी मेंढरं गेली आणि आधीची घोडीही गेली. पुढे कळप सावरला तेव्हा बप्पा आणि आजी माळेगावच्या जत्रेला गेले. लोहा तालुक्यात मार्गशीर्षात भरणारी ही खंडोबाची जत्रा घोड्या-गाढवांच्या बाजाराबद्दल साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. बप्पांनी दात पाहिले, खूर उचलून पाहिले. आजीनं पाठ दाबून पाहिली. ओझ्याच्या जनावराची खरी परीक्षा खांद्यामागच्या उंचवट्यापाशी असते. तिथं जुन्या जखमेचा डाग असला किंवा हात लागताच कातडी थरथरली, तर पुढच्या साऱ्या वाटेचा घोळ. ही घोडी आजीच्या हाताखाली शांत उभी राहिली. बुटकी, कुमैत अंगाची, कपाळावर चांद. खंडोबाच्या दारातून आलेली म्हणून आईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, कपाळाला भंडारा लावला आणि मग दाणा दिला.

आमचं मूळ ठिकाण पाटोद्याच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरावर. पावसाळाभर मेंढरं तिथल्या माळावर; काळ्या रानातल्या चिखलात त्यांचे खूर सडतात. दिवाळी झाली की उतरायचं ते गेवराईच्या गंगथडीला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. खरिपाची रानं मोकळी झालेली असत. शेतकरी रात्री मेंढरं बसवून घेत, लेंडीखत रानाला मिळे, बदल्यात आम्हाला ज्वारी मिळे.

मुक्काम हलायच्या दिवशी पहाटे पुरुष मेंढरं घेऊन चारत चारत लांबच्या वळणानं जात. बाया घोडी घेऊन सरळ वाटेनं पुढचं रान गाठत. दिवस मावळायला मेंढरं येत तोवर मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, ताणलेली आणि चूल पेटलेली असे. पुढचं रान ठरवायचं बप्पांनी, पण वाट, पाणी आणि विसावा ठरवायचा आजीनं. आमच्या समाजावर लिहिणारे काठी-घोंगडीवर पानं भरतात, आणि अख्खा संसार रस्त्यानं नेणाऱ्या या बायांना एक ओळ देतात. हे मला फार लागतं.

ओझं चढवणं ही विद्याच होती. आधी जुनी घोंगडी चार पदरी, तिच्यावर गोणपाट. एका बाजूला ज्वारीचं पोतं, दुसऱ्या बाजूला भांडी, तवा, पाण्याची कळशी. दोन्ही भार हातानं तोलून सारखे करायचे. तसूभर फरक राहिला तरी कोसभरात पाठ सोलते. मग वाघर, पालाच्या काठ्या, त्यावर कोंबड्यांचं डालगं. वाटेत जन्मलेली कोकरं झोळीत, मुंडी बाहेर काढून. आणि या सगळ्याच्या मधोमध चालता न येणारं लेकरू. मीही असाच बांधला गेलो. असं लेकरू म्हणजे ओझ्यातलाच एक भाग, त्याला बसणं म्हणत नाहीत. गेवराई तालुका मी पहिल्यांदा पाहिला तो कोंबड्यांच्या शेजारून.

आजीनं पोट-पट्टा आवळला की चंद्री आधी पोट फुगवायची, म्हणजे नंतर पट्टा सैल राहावा. आजी तिच्याशी भांडायची नाही. "सोड, सोड श्वास, बाई," म्हणत मानेवरून हात फिरवत उभी राही. चंद्रीनं श्वास सोडला की पट्टा आणखी एक वेढ.

रात्री तिचा उपयोग वेगळाच. कुत्री कशावरही भुंकतात. कोल्ह्यावर, वाटसरूवर, चांदण्यावर. पण पायबंद घातलेली चंद्री कान टवकारून फुरफुरली की बप्पा काठी घेऊन उठलेच. ती फुरफुरायची लांडग्यालाच.

एका हिवाळ्यात मुक्काम राक्षसभुवनाजवळ पडला. तिथं शनीचं जुनं ठाणं आहे. तेव्हा मी शाळेत जाऊ लागलो होतो. १० ऑगस्ट १७६३ ला याच काठावर अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यानं निजामाच्या फौजेला गाठलं, गंगेला पूर होता, निजाम पलीकडच्या तीरावर अडकला आणि अलीकडे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, हे सगळं मी चुलीपाशी मोठ्या ऐटीनं सांगितलं. आजीनं भाकरी थापता थापता विचारलं, "इतक्या घोड्यांला चारा कुनी आनला आसंल रं?" त्यानंतर मी बरीच पुस्तकं वाचली, पण कुठल्याही मोहिमेचं वर्णन वाचताना तिचा हा प्रश्न आधी मनात येतो.

पैठणचं जायकवाडी धरण १९७६ ला सुरू झालं. जायकवाडीचा उजवा कालवा, १३२ किलोमीटरचा, गेवराई तालुक्यातून माजलगावकडे गेला आणि त्याच्यामागे ऊस आला. शेतकऱ्याचं भलं झालं, त्याबद्दल मनात काही नाही. पण ऊस हिवाळ्यात रान मोकळं करत नाही. आमचे मुक्काम एकेक करून मोडले. चंद्री मात्र जुन्या बांधाशी येऊन थांबायची, समोर उसाची भिंत, आणि ओझं उतरायची वाट पाहत उभी. आईला दोर ओढून तिला पुढं न्यावं लागे.

तिला शिंगरं झाली. अकरा महिने पोटात घेऊन ती वाट चालायची. शेवटच्या दिवसांत तिचं ओझं बाया डोक्यावर वाटून घेत. नर शिंगरं जत्रेत विकली गेली, माद्या ठेवल्या. विकल्यावर दोन-तीन रात्री ती खिंकाळायची, आणि आजी उठून तिच्यापाशी जाऊन बसायची.

म्हातारपणी तिचे दात झिजले. कडबा चावून चोथा खाली पडायचा. आजी भरडा भिजवून तोबऱ्यातून द्यायची. ओझं दरवर्षी कमी होत गेलं: आधी पोतं उतरलं, मग भांडी, मग काठ्या. अगदी मोकळी सोडली तर चालेना, खुंट्याशीच उभी राही. म्हणून आजी एक घोंगडी तिच्या पाठीवर टाकायची, आणि ती निघायची. डोंगरावरच्या मुक्कामात, पावसाळ्याच्या तोंडाशी ती गेली. चुलत्यांनी खोल खड्डा खणला, मीठ टाकलं. त्या दिवशी आमच्यात चूल पेटली नाही, माणूस गेल्यावर पेटत नाही तशी.

आमचा वाडा पुढे मोडला; मेंढरं विकून आम्ही गेवराईत घर केलं. चंद्रीच्या एका लेकीला मामांनी नेलं होतं, तिच्या वंशातली घोडी आजही त्यांच्याकडे संसार वाहते. आता अडचण धुळे-सोलापूर महामार्गाची. चौपदरी रस्त्यात कळपाला ओलांडायला जागाच ठेवलेली नाही; मेंढरांसाठी एखादा भुयारी मार्ग काढणं कुणालाही सुचलं नाही, याचा मला राग येतो. पाडळशिंगीच्या अलीकडे मामांची सून भल्या पहाटे घोडी रस्त्यावर आडवी उभी करते. मेंढरं पाहून गाड्या भोंगा वाजवतात. घोडी पाहून थांबतात. सगळी मेंढरं पलीकडे गेली की मामा हाळी देतात, मग ती दोर ओढते आणि घोडी शेवटी उतरते.