बंद पडणाऱ्या सोलरच्या बाजूने

खोपोलीत आयुष्य काढलेल्या माणसाला विजेच्या बाबतीत थोडा तोरा येतोच. टाटांचं इथलं जलविद्युत केंद्र 1915 साली सुरू झालं आणि घाटमाथ्यावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. 1922 मध्ये कर्जतजवळ भिवपुरीचं केंद्र आलं. अशा गावात वायरिंगचा धंदा करणाऱ्या मला छतावरचं सोलर पोरखेळ वाटायचं. ऑन-ग्रिड सोलर तर निव्वळ फसवणूक आहे, असं मी चारचौघांत ठासून सांगत असे. ऊन रणरणतंय, पॅनल तापलेत, आणि महावितरणची लाईट गेली की घरातला पंखासुद्धा बंद! छत आपलं, पैसे आपले आणि बटण मात्र दुसऱ्याच्या हातात.

आता मी बरोबर उलटं बोलतो. लाईट गेल्यावर जे बंद पडत नाही, ते सोलर घरात घेऊच नये.

3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडावर आलं. खांब आडवे झाले, तारा रस्त्यावर लोळल्या. तेव्हा आपल्याकडे घरोघरी सोलर नव्हतं. पण तसाच दिवस आज आला आणि वस्तीतले इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलत राहिले, तर काय होईल? ट्रान्सफॉर्मर दोन्ही बाजूंनी काम करतो. घराकडून गेलेले 230 व्होल्ट पलीकडच्या लाईनवर 11 किंवा 22 हजार होऊन निघतात. लाईन बंद आहे म्हणून जनमित्र, म्हणजे महावितरणचा लाईनमन, खांबावर चढलेला असतो. त्याला आपल्या छतावरच्या उन्हाची काय कल्पना? म्हणून ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टरने दोन सेकंदांच्या आत हात आखडता घ्यायचा, असा नियम आहे. ज्या गोष्टीला मी फसवणूक म्हणत होतो, तिच्यावर एका माणसाचा जीव टांगलेला असतो, हे ध्यानात आल्यावर वाद संपला.

लाईट नसतानाही पंखा हवा असेल, तर त्याचा सरळ रस्ता आहे: बॅटरीचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि घरातल्या मोजक्या पॉइंटांचं वेगळं सर्किट. जनरेटर जोडून साध्या इन्व्हर्टरला ‘लाईट आहे’ असं भासवायचा जुगाड गिऱ्हाईकं मागतात. मी हात जोडतो.

पण हे झालं एसीच्या बाजूचं. खरी मेख वर छतावर आहे. इन्व्हर्टर गप्प झाला तरी पॅनल गप्प होत नाहीत. ऊन आहे तोवर त्यांना बटण नाही. 3 किलोवॅटला साधारण सहा पॅनल एकापुढे एक जोडले की तीनशेच्या आसपास व्होल्ट होतात, आणि तेही डीसी. आपली नेहमीची एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी आपसूक विझते. डीसी शून्यावर येतच नाही. ठिणगी ताणली जाते आणि वेल्डिंगसारखी जळत राहते. त्यात सोलरचा शॉर्ट-सर्किट करंट रोजच्या करंटपेक्षा जेमतेम जास्त असतो, म्हणून फ्यूज उडेल या भरवशावर राहता येत नाही.

कर्जतकडच्या एका फार्महाऊसचा डीसी बॉक्स उघडून पाहिला. आत एसीचाच एमसीबी बसवलेला, एका बाजूने तपकिरी पडलेला. छतावर एका कंपनीचा नर कनेक्टर दुसऱ्या कंपनीच्या मादीत घातलेला. ‘टक्’ आवाज नीट येतो, पण आतली पकड सैल राहते, जोड तापतो आणि प्लास्टिक मऊ पडतं. केबल क्लिपेशिवाय स्लॅबवर सोडलेली, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पाण्यात. बिलात मात्र पॅनलची वॅटं ठळक अक्षरांत.

गिऱ्हाईकाचंही तसंच. सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार अनुदान मिळतं, हे सगळ्यांना तोंडपाठ. केबल कोणती, अर्थिंगचे खड्डे किती, हे कुणी विचारत नाही. वीजरोधकाचं अर्थिंग वेगळं हवं म्हटलं की ‘खर्च वाढवतोय’ अशी नजर येते. आपल्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात खड्डा कोरडा पडतो, तिथे पाणी घालावं लागतं, हे तर दूरच. माझं सांगणं एवढंच असतं: दोन पॅनल कमी घ्या, पण डीसीसाठीच बनवलेला आयसोलेटर आणि चांगली केबल घ्या.

फार्महाऊसवाल्यांना एक वेगळी विनंती. तुम्ही शनिवारी येता, इतर दिवशी तिथे रखवालदार असतो. शेवटचा हप्ता देण्याआधी बसवणाऱ्याला सांगा, रखवालदारादेखत सगळं बंद करून दाखव. आधी एसीचा स्विच, मग डीसीचा आयसोलेटर. आणि चालू असताना कनेक्टर कधीही हाताने ओढायचा नाही. हे मराठीत लिहून बॉक्सच्या झाकणावर चिकटवा.