कात्री आणि कुऱ्हाड

शाळेत मॉनिटर झालेल्या पोराचं पुढे काय होतं? तो हॉस्टेलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होतो! पगार नाही, मान नाही. पाणी गेलं तरी शिव्या त्याला, पोळी कच्ची राहिली तरी त्यालाच. मात्र या बिनपगारी नोकरीत दोन अवजारं मिळतात. कात्री, म्हणजे दुसऱ्याचा मेसेज काढून टाकणं. ही आम्हा अ‍ॅडमिन मंडळींना २०२२ साली मिळाली. आणि कुऱ्हाड, म्हणजे आख्खा माणूसच काढून टाकणं. ती पहिल्यापासून होती.

आमच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तक्रारी लांबलचक मेसेजच्या. सकाळी कोणीतरी हातभर प्रवचन टाकतो आणि 'गरम पाणी आलं का रे?' हा खरा प्रश्न वर वाहून जातो. म्हणून नियम केला: एका स्क्रीनमध्ये मावेल तेवढंच लिहायचं.

आता आपण पडलो इंजिनीअर, तेव्हा थोडा हिशोब. एका एसएमएसची जागा १४० बाइट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०! त्यातही काना, वेलांटी, पाय मोडणं सगळं वेगळं मोजलं जातं. आपला तीन अक्षरी 'विद्यार्थी' १० जागा अडवून बसतो. सांगायचं तात्पर्य, मर्यादा ही जागेची सोय आहे. ती ओलांडणारा माणूस काही गुन्हेगार नसतो.

हे आठवायचं कारण म्हणजे फर्स्ट इयरचा एक मुलगा. त्याने मेसबद्दल तीन स्क्रीन भरून मेसेज टाकला. पूर्णविराम औषधालाही नाही. खाली धडाधड फर्मानं सुटली, "काढ रे याला!" मी मेसेज शेवटपर्यंत वाचला. खरी गोष्ट तळाशी होती. रविवारी रात्री मेस बंद असते, बाहेर जेवायला सगळ्यांकडे पैसे नसतात, तर दुपारीच डबा भरून मिळेल का?

त्याच्या रूमवर गेलो. तो उभाच राहिला. "दादा, मला काढणार का?" म्हटलं, "तुला नाही, तुझी पहिली दोन स्क्रीन काढू." दोघांनी बसून पाच ओळी केल्या. त्या मेस कमिटीकडे गेल्या आणि नाव नोंदवणाऱ्याला रविवारी दुपारी पोळीभाजी बांधून मिळायला लागली. यादीत फर्मानं सोडणाऱ्यांचीही नावं होती, बरं का!

त्या दिवशी त्याला काढला असता तर? पाण्याची वेळ, परीक्षेच्या फॉर्मची तारीख, मेसची सुट्टी, सगळं ग्रुपवरच कळतं. ग्रुपमधून काढणं म्हणजे नुसतं गप्प बसवणं नव्हे, ते वाळीत टाकणं आहे. वाळीत टाकण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला. तो आपल्या ग्रुपला लागू नसेल, पण त्यामागची भावना लागू व्हायला हरकत नाही.

कुऱ्हाड मी चालवली नाही असं नाही. एकाने एका मुलीचा फोटो आणि नंबर ग्रुपवर टाकला. मेसेजही काढला, माणूसही काढला, आणि रेक्टर सरांना कळवलं. तिथे लांबी मोजत बसलो नाही. एका ओळीचाच होता तो मेसेज!

या वर्षी मी पास आऊट होतोय (विद्यापीठाची कृपा असेल तर). नवीन अ‍ॅडमिनला एवढंच सांगणं: नियम आधी सांग, मग लाव. ज्याचा मेसेज काढशील त्याला कारण सांग. आणि लांब मेसेज दिसला की कात्री उचलण्याआधी, बाबा रे, एकदा तळापर्यंत वाच.