कुंभारणीचा डबा

बग पकडणं हा माझा रोजचा धंदा. बीई झाल्यापासून त्याचाच पगार घेतो. पण मागच्या वर्षी बेंगळुरूच्या आमच्या फ्लॅटमध्ये न्हाणीघरातून लेकीची किंकाळी आली, धावत गेलो तर एक खराखुरा बग, म्हणजे झुरळ, मिशा हलवत उभं होतं. तिच्याआधी मीच स्टुलावर चढलो. बायकोनं चपलेनं काम उरकलं. पाच वर्षांची लेक त्या दिवशी दोन गोष्टी शिकली : किडा दिसला की आधी ओरडायचं आणि मग चप्पल शोधायची.

फोनवर हे ऐकून आई म्हणाली, "अरे, बालाघाटला वाढलेला ना तू? मृगाचे किडे खिशात घेऊन फिरायचास!" खरंच होतं. पहिला पाऊस झाला की लाल मखमलीचे ते थेंब आम्ही माचिसच्या डबीत गोळा करायचो. शेजारची हिंदी बोलणारी मुलं त्यांना बीरबहूटी म्हणायची. तेव्हा भीती नव्हती. मधल्या काळात कुठे शिकलो कोण जाणे, आणि आता ती मी पुढच्या पिढीला देत होतो.

उपाय ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून मिळाला. त्यानं एलीझ ग्राव्हेल या कॅनडातल्या लेखिकेची छोटी चित्रपुस्तकं दिली. माशी, ऊ, झुरळ असे सगळे नावडते लोक त्यात नायक आहेत. लेखिका गंभीरपणे माहिती सांगत असते आणि तो किडा मध्येच तोंड घालून काहीतरी आगाऊपणा करतो. लेक खदखदून हसायची. ज्याला आपण हसतो त्याची भीती फार वेळ टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं.

हसता हसता माहितीही आत गेली. मग आमचा दोघांचा छंदच झाला. माशी पायांनी चव घेते. रातकिड्याचे कान पुढच्या पायांवर असतात, गुडघ्याच्या जरा खाली. शेणाची गोळी ढकलणारा भुंगेरा रात्री सरळ रेषेत चालण्यासाठी आकाशगंगेच्या पट्ट्याचा आधार घेतो. हे शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं. "म्हणजे त्याला मॅप लागत नाही?" लेकीनं विचारलं. तिच्या बापाला ऑफिसला जायलाही लागतो.

अडचण आली ती मराठीत वाचून दाखवताना. पुस्तकात प्रत्येकाला वेगळं नाव आणि माझ्याकडे सगळ्यांना मिळून एकच शब्द : किडा. शाळा हिंदीत झाली, कॉलेज इंग्रजीत. घरची मराठी 'पाणी दे, दार लाव' एवढीच उरलेली. रोज रात्री आईला फोन लावू लागलो आणि शब्द यायला लागले. नाकतोडा, मुंगळा, गांधीलमाशी, चतुर, टाचणी. टाचणी म्हणजे चतुराची बारीक, सुईसारखी बहीण. नावातच चित्र!

जूनच्या अखेरीला एका बारशासाठी गोंदियामार्गे बालाघाटला गेलो. पाऊस नुकताच सुरू झाला होता. आईनं नातीच्या तळहातावर मृगाचा किडा ठेवला. लेक ओरडली नाही. तिनं पाय मोजले. "आजी, आठ आहेत! हा कीटक नाही. कीटकाला सहाच असतात." बरोबर होतं; मृगाचा किडा कोळ्याच्या नात्यातला. आई म्हणाली, "आमच्या वेळी कोणी पाय मोजले नव्हते बाई," आणि चष्मा आणायला आत गेली.

खरा प्रसंग दुसऱ्या दिवशी घडला. खिडकीच्या चौकटीवर कुंभारणीनं मातीचं इवलंसं मडकं केलं होतं. आईनं नातीला जवळ घेऊन गोष्ट सांगितली. कुंभारीण एक अळी पकडून आणते, मातीच्या घरात कोंडते आणि बाहेर गुणगुणत राहते. अळी भीतीनं तिचंच ध्यान करते, आणि ध्यान करता करता तिची कुंभारीण होऊन उडून जाते. आमच्या घरी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत मधमाशी आहे, पतंग आहे, कोळी आहे आणि ही कुंभारीणही आहे. त्याच स्कंधावर एकनाथांनी मराठीत टीका लिहिली, ती आई दर चातुर्मासात वाचते.

आणि मला खरं काय ते माहीत होतं. महिनाभर तेच तर वाचत होतो. कुंभारीण अळीला डंख मारून बधिर करते, मारत नाही. मेली तर शिळी होईल. मडक्याच्या छताला बारीक धाग्यानं आपलं अंडं टांगते, खाली ताज्या अळ्यांचा साठा ठेवते आणि तोंड लिंपून निघून जाते. अंड्यातून निघालेलं पिल्लू तो डबा खाऊन मोठं होतं.

सांगायचं की गप्प बसायचं? सांगितलं तर नातीसमोर आजी खोटी पडते. नाही सांगितलं तर मी लेकीला पाय मोजायला शिकवलं तरी कशाला? मी घुटमळत असताना लेकच म्हणाली, "आजी, आत बघू या?"

आईनं सुईनं मडकं हळूच फोडलं. आत पाच-सहा हिरव्या अळ्या, मलूल पण जिवंत. त्यांच्यात एक पांढरं, गुबगुबीत पिल्लू जेवत बसलेलं. आई बराच वेळ बघत राहिली. मी घाईघाईनं म्हणालो, "आई, जुन्या लोकांनी पाहिलं ते अगदी बरोबर होतं. अळी आत गेली, कुंभारीण बाहेर आली. इनपुट बरोबर, आउटपुट बरोबर. फक्त मधला कोड कोणी उघडून पाहिला नव्हता."

"तुझा कोड राहू दे," आई म्हणाली. "नाथांना अळीबद्दल सांगायचंच नव्हतं. ज्याचं ध्यान लागतं तसं मन होतं, एवढंच सांगायचं होतं. ते खोटं झालं का?" मग नातीकडे वळून, "पण ही लबाड डबा भरून ठेवते, हे मला आवडलं."

रात्री लेकीला मी आणखी एक सांगितलं. एरिक कार्ल यांचं १९६९ मधलं जगप्रसिद्ध चित्रपुस्तक, खादाड सुरवंटाचं, त्यातही फुलपाखरू कोशेटातून बाहेर येतं. खरं तर रेशमी कोशेट पतंगांचे सुरवंट विणतात. बहुतेक फुलपाखरांचा कोष नुसता, उघडा लटकलेला असतो. म्हणजे आजी एकटी नव्हती.

निघायच्या आधी आम्ही वहीचं एक पुस्तक केलं. चित्रं लेकीची, अक्षर माझं, माहिती आजी-आजोबांची. एक पान लाखेच्या किड्याचं : आपल्या जिल्ह्यातल्या पळस-कुसुमाच्या झाडांवर तो राळ सोडतो, तीच लाख. बांगड्यांपासून गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीपर्यंत ती पोचते. (लेक दोन दिवस चॉकलेट हुंगून खात होती.) एक पान साल बोररचं, ते बाबांचं. ते वनविभागात होते. १९९०च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशातल्या सालवनांत या भुंगेऱ्याची मोठी साथ आली, तेव्हा सालाचे ओंडके ठेचून ठेवत. रसाच्या वासानं भुंगेरे धावत येत आणि गावकरी ते वेचून आणत. निवृत्त झाल्यापासून बाबा इतके बोलताना मी पाहिले नव्हते.

घरात लहान मूल असेल तर एवढं जरूर करा. भोपाळच्या एकलव्यची 'चकमक' १९८५ पासून निघते आहे, ती हिंदीत आहे. प्रथम बुक्सच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, आपल्याला स्वतः भाषांतरही करता येतं. अडलेला शब्द मात्र आजीला विचारा, आणि फोन लगेच ठेवू नका.

परवा बेंगळुरूत पुन्हा झुरळ निघालं. लेक वाकून बघत म्हणाली, "बाबा, सहा आहेत. कीटक आहे. चप्पल नको, पेला आण, बाहेर सोडू."

पेला तिलाच आणावा लागला. मी अजून स्टुलावर होतो.